ताज्या लाल भोपळ्याची प्युरी घरी करायची आहे: ओव्हन की कुकर, आणि टिकवायची कशी?

चवीपुरतं
नमस्कार मंडळी. केक, मफिन, पाय (pie, सारण भरून भाजलेला पदार्थ), सूप अशा बऱ्याच पाककृतींत डबाबंद पंपकिन प्युरी सांगितलेली असते, बहुतेक वेळा '४२५ ग्रॅमचा एक डबा' अशी. मला डबा आणायचा नाही, ताजा भोपळा आणून प्युरी घरीच करायची आहे. नेटवर शोधलं तर जितकी तोंडं तितकी मतं. कोणी म्हणतं उकडा, कोणी म्हणतं भाजा, कोणी मायक्रोवेव्हवर खूश.

माझे प्रश्न: भोपळा निवडताना काय बघायचं? आधी सोलायचा की सालीसकट शिजवायचा? एका डब्याइतकी प्युरी हवी तर किती भोपळा आणू? आणि एकदाच भरपूर करून ठेवली तर टिकवायची कशी, बरणीत भरून कपाटात ठेवली तर चालते का? घरात ओव्हन, कुकर, मायक्रोवेव्ह आणि हँड ब्लेंडर एवढं आहे. करून बघितलेल्यांनीच सांगा, ऐकीव नको.

तिसरी_शिट्टी
कुकर. विषय संपला. :)

भोपळ्याच्या सालीसकट मोठ्या फोडी करायच्या, बिया आणि आतली जाळी चमच्याने खरवडून काढायची. कुकरच्या तळाशी पाणी, वर जाळी किंवा भांडं, भांड्यात फोडी. भांड्यात पाण्याचा थेंब घालायचा नाही. दोन शिट्ट्या, मग गॅस बंद आणि वाफ आपोआप जिरू द्यायची. साल चमच्याने अलगद सुटते. गर मिक्सरला फिरवला की झाली प्युरी. एवढ्यासाठी तासभर ओव्हन कशाला तापवायचा?

मंद_आच
शिट्टीताई, सुपाला तुमची पद्धत ठीक. केक किंवा पाय करायचा असेल तर मी ओव्हनच म्हणेन. कुकरमध्ये वाफेचं पाणी फोडींवर पडत राहतं आणि गर पचपचीत होतो. ओव्हनमध्ये उलट होतं, शिजता शिजता पाणी उडून जातं आणि कडांना जो खरपूसपणा येतो त्याने गोडी वाढते.

माझी पद्धत: भोपळा उभा चिरून दोन भाग, बिया काढल्या, ट्रेवर बेकिंगचा कागद, त्यावर चिरलेली बाजू खाली. ओव्हन आधी २०० अंश सेल्सिअसला तापवलेला. मध्यम आकाराचा असेल तर ४५ मिनिटं ते एक तास. सालीवरून काटा टोचला आणि तो लोण्यात गेल्यासारखा आत गेला पाहिजे. शेवटची दहा-पंधरा मिनिटं भाग उताणे करायचे, म्हणजे खोलगट बाजूची वाफ निघून जाते. ट्रेमध्ये साचलेलं पाणी गरात ओतायचं नाही. बाहेर काढल्यावर गार होऊ द्या, साल हाताने निघते.

तिसरी_शिट्टी
पचपचीत होतो तो पाण्यात बुडवून शिजवणाऱ्यांचा. भांड्यात थेंबभरही पाणी नको असं मी वर लिहिलंय ते उगीच नाही.

मोजमाप
तुम्हा दोघींचं भांडण मुळात पाण्याचं आहे, तर थोडं आकड्यांत मांडतो.

अमेरिकेच्या कृषी विभागाच्या पोषण तक्त्यांत कच्च्या भोपळ्यात पाणी साधारण ९१.६ टक्के दिलंय. डबाबंद प्युरीत साधारण ९० टक्के. पाण्यात उकडून निथळलेल्या भोपळ्यात मात्र जवळजवळ ९३.७ टक्के. वाचताना वाटतं, दोन-तीन टक्क्यांनी काय बिघडतं? पण पाणी सोडून उरतं काय ते बघा. कच्च्या गरात १०० ग्रॅममागे साडेआठ ग्रॅमच्या आसपास घन भाग, डब्यातल्यात १०, उकडलेल्यात जेमतेम सव्वासहा.

म्हणजे एक किलो उकडलेला गर डब्याइतका घट्ट करायचा तर तो ६३० ग्रॅमच्या आसपास आणावा लागेल. पाऊण-एक पेला नव्हे, साडेतीनशे ग्रॅमच्या वर पाणी घालवायचं! आणि ते न घालवता तसंच केकमध्ये ओतलं तर केक मधोमध ओला राहणार, मग दोष पाककृतीला. हेच कच्चा गर पाण्याशिवाय शिजवला तर किलोमागे १६० ग्रॅमच्या आसपास घालवायचं असतं, त्यातलं बरंचसं भाजतानाच उडतं.

उकडण्यात दुसरं नुकसान असं की गोडी आणि चव पाण्यात उतरते आणि ते पाणी आपण सिंकमध्ये ओततो. तेव्हा ओव्हन की कुकर यावर हवं तेवढं भांडा, पाण्यात बुडवून उकडणं तेवढं यादीतून काढा.

हे आकडे सरासरी आहेत. प्रत्येक भोपळा वेगळा, म्हणून शेवटी डोळ्यांनीच ठरवावं लागतं.

चवीपुरतं
मोजमाप, हे फारच कामाचं. मग डोळ्यांनी ठरवायचं कसं? 'घट्ट' म्हणजे किती घट्ट?

मोजमाप
सपाट ताटलीत चमचाभर प्युरी ठेवा आणि पाच मिनिटं दुसरं काम करा. परत आल्यावर ढीग ढिगासारखाच असेल आणि भोवती पाण्याचं कडं नसेल तर झालं. कडं दिसलं तर अजून निथळू द्या. किचन पेपरवर ठेवून बघितलं तर अजून लवकर कळतं, कागद भोवती लांबवर ओला झाला की समजायचं.

पाणी काढायचे दोन मार्ग. एक, गाळणीत मलमलचं स्वच्छ कापड अंथरून त्यात प्युरी घालायची, खाली भांडं ठेवून एक-दोन तास. रात्रभर ठेवायची असेल तर फ्रीजमध्येच. दही टांगतो तसंच हे, फक्त पिळायचं नाही. पिळलं की गर कापडातून बाहेर येतो. दुसरा, जाड बुडाच्या पसरट कढईत मंद आचेवर आटवायची. हा मार्ग झटपट, आणि चवीलाही बरा कारण आटताना गोडी एकवटते. मात्र ढवळत राहावं लागतं. लांब दांड्याचा चमचा घ्या आणि कढईवर तोंड आणू नका. घट्ट प्युरीचे बुडबुडे फुटले की शिंतोडे हातावर उडतात आणि चांगलाच चटका बसतो. चमच्याने तळाशी रेघ ओढली आणि ती क्षणभर तशीच राहिली की गॅस बंद.

गाळून खाली जमलेलं पाणी टाकू नका. सुपात, कणकेत, कशातही जातं.

मंद_आच
आटवण्याबद्दल +१. मी भाजलेल्या गरालासुद्धा पाच-सात मिनिटं कढई दाखवते.

आणि शिट्टीताई, मान्य, कुकर आणि कढई मिळून ओव्हनच्या जवळपास पोचता येतं. फक्त मग वेळ वाचला कुठे? ;)

तिसरी_शिट्टी
गॅस वाचला. आणि कुकर लावून मी दुसरी कामं करते, तुमच्यासारखी ओव्हनच्या काचेतून बघत बसत नाही.

परसबाग
सगळे शिजवण्यावर तुटून पडलेत, भोपळा कोणता याचं उत्तर कोणीच दिलेलं नाही. माझ्या मते अर्धी लढाई तिथेच जिंकता येते.

आपण ज्याला सरसकट भोपळा म्हणतो त्यात मुख्यतः तीन प्रजाती येतात: कुकुर्बिटा पेपो, कुकुर्बिटा मॅक्सिमा आणि कुकुर्बिटा मोश्चाटा. हॅलोविनला कोरतात ते मोठे नारिंगी भोपळे पेपोमधले. कोरायला सोपे पडावेत म्हणून ते पातळ गराचे, आत रेषाच रेषा, चवीला सपक. प्युरीसाठी त्यांच्या वाटेला जाऊ नका. (आणि कोरून, आत दिवा लावून बाहेर ठेवलेला भोपळा तर अजिबात शिजवायचा नाही. असे प्रश्न विचारणारे लोक असतात म्हणून लिहिलं.) त्याच प्रजातीतले लहान, गोल, 'शुगर' किंवा 'पाय' पंपकिन म्हणून मिळणारे मात्र चांगले असतात.

मोश्चाटामध्ये बटरनट येतो. लांबट, फिकट बदामी सालीचा, गर गुळगुळीत, रेषा नावाला. प्युरीसाठी डोळे झाकून घ्या. अमेरिकेतल्या डबाबंद प्युरीसाठी सर्वांत जास्त जी डिकिन्सन जात वापरतात तीही मोश्चाटाच. साल बदामी, आकार लांबोडका, चित्रातल्या नारिंगी भोपळ्याशी काही संबंध नाही. त्यामुळे 'बटरनटची प्युरी म्हणजे खरी पंपकिन प्युरी नव्हे' असं कोणी सांगितलं तर हसून सोडून द्या.

मॅक्सिमामधला कबोचा हा हिरव्या सालीचा, पिठूळ गराचा. भाजल्यावर तो इतका कोरडा होतो की निथळायची गरजच पडत नाही, उलट एखादा चमचा पाणी घालावं लागतं. वर मोजमाप यांनी दिलेला हिशोब इथे लावू नका.

निवडताना: आकाराच्या मानाने जड, साल इतकी टणक की नख रुतू नये, देठ जागेवर आणि वाळून बुचासारखा झालेला. देठ तुटला की तिथून कुजायला सुरुवात होते. चिरलेली फोड घेत असाल तर गर गडद केशरी असावा आणि कापलेल्या कडा बुळबुळीत नसाव्यात. अख्खा टणक भोपळा १० ते १५ अंशांच्या कोरड्या, हवेशीर जागेत दोन-तीन महिने आरामात टिकतो. अख्खा भोपळा फ्रीजमध्ये ठेवू नका, १० अंशांच्या खाली तो आतून खराब व्हायला लागतो. कबोचासारख्या जाती तर काढल्यावर काही आठवडे ठेवल्या की अधिक गोड लागतात, कारण त्यातल्या स्टार्चची साखर होत जाते.

आता सगळ्यांत महत्त्वाचं. शिजवण्याआधी कच्च्या गराचा अगदी लहान तुकडा जिभेला लावून बघा. कडू लागला तर थुंका आणि अख्खा भोपळा टाकून द्या. कडवटपणा कुकुर्बिटासिन नावाच्या द्रव्यांमुळे येतो. ती शिजवून जात नाहीत, साखर घालून झाकली तरी पोटात जाऊन उलट्या-जुलाब करतात. विकतच्या भोपळ्यात हे क्वचित घडतं. पण शोभेच्या भोपळ्यांच्या शेजारी वाढलेल्या वेलाचं बी धरून लावलं, तर परागीकरणात सरमिसळ होऊन पुढच्या पिढीत असलं फळ येऊ शकतं. शेजाऱ्यांनी प्रेमाने दिलेला असला तरी चाखून बघा.

चवीपुरतं
परसबाग, कडूचं माहीत नव्हतं. धन्यवाद. आणि आणायचा किती?

परसबाग
साल, बिया, जाळी आणि निथळलेलं पाणी वजा जाता अख्ख्या भोपळ्याच्या वजनाच्या चाळीस ते पन्नास टक्के घट्ट प्युरी धरा. ४२५ ग्रॅमसाठी एक ते सव्वा किलोचा अख्खा भोपळा. बिया काढलेली फोड असेल तर ८०० ग्रॅम ते एक किलो. बटरनटची बियांची पोकळी लहान असते, त्यामुळे त्यातून जास्त निघते.

कपात मोजणार असाल तर बेकिंगचा एक कप म्हणजे साधारण २४० ग्रॅम घट्ट प्युरी. ४२५ ग्रॅमचा डबा म्हणजे पावणेदोन कप. पण वजनच करा. कपात पातळ प्युरीही तेवढीच मावते आणि घट्टही, फसगत तिथेच होते.

घाईत_आहे
मायक्रोवेव्हबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून. सोललेल्या, इंचभर फोडी, काचेच्या भांड्यात, दोन चमचे पाणी, वर सैल झाकण. पूर्ण पॉवरवर आठ ते बारा मिनिटं, मध्ये एकदा हलवायचं. एक-दोन कप प्युरी लागणार असेल तर यापेक्षा सुटसुटीत काही नाही. पाणी ओतून टाका आणि दहा मिनिटं चाळणीत ठेवा. चव ओव्हनसारखी नाही, पण वाईटही नाही.

अख्खा भोपळा चिरताना सुरी अडकत असेल तर तोही मायक्रोवेव्हचा उपयोग. सालीला सगळीकडून खोल टोचे मारायचे (नाहीतर आत वाफ कोंडून फुटेल), दोन-तीन मिनिटं फिरवायचा. साल नरम पडते.

मंद_आच
चिरण्यावरून आठवलं. भोपळा आधी वाहत्या पाण्याखाली सालीसकट घासून धुवा. साल खायची नसली तरी सुरी सालीवरची माती आणि जंतू आतल्या गरात नेते. पाटाखाली ओलं फडकं घाला म्हणजे पाट सरकत नाही. वरचा-खालचा काप काढून भोपळा सपाट बाजूवर बसवा, मगच मधोमध सुरी घाला. देठातून कापायचा प्रयत्न नको, देठाच्या शेजारून कापा. धार नसलेली सुरी इथे जास्त धोक्याची, कारण जोर लावावा लागतो आणि ती घसरते.

कच्चा बटरनट सोलताना काहींच्या हातांवर चिकट पापुद्रा धरतो, कातडी ताणल्यासारखी होते. तेव्हा हातमोजे घाला. किंवा सरळ माझं ऐका, सालीसकट भाजा. सोलायचा प्रश्नच नाही.

रेषारेषा
माझा भोपळा चांगला शिजला, मिक्सरला फिरवला तरी प्युरीत बारीक दोरे राहतात. काय करावं? आणि मिक्सर फिरतच नाही, पाणी घालावं लागतं.

तिसरी_शिट्टी
पाणी नको!! सगळी मेहनत वाया. मिक्सरमध्ये थोडा थोडा गर घाला, मध्ये थांबून चमच्याने कडा खाली ओढा. तरी अडलं तर गाळून निघालेलं पाणीच चमचाभर घाला. हँड ब्लेंडर किंवा फूड प्रोसेसर असेल तर ही अडचण येत नाही.

दोऱ्यांना मिक्सर उपाय नाही, ते नुसते लहान होतात. पुरणयंत्र असेल तर त्यातून काढा, नसेल तर स्टीलच्या गाळणीतून वाटीच्या बुडाने दाबत गाळा. आणि शिजवण्याआधी जाळी नीट खरवडली होती का? बऱ्याच जणांचे दोरे तिथलेच असतात.

गरम गर मिक्सरमध्ये घट्ट झाकण लावून कधीच फिरवू नका. वाफेने झाकण उडतं आणि गर अंगावर येतो. गार करूनच.

घाईत_आहे
सुपासाठी असेल तर दोरे कोणाला कळतात?

मंद_आच
मला.

चवीपुरतं
:) आता राहिलं साठवणं. बरणीत भरून, उकळत्या पाण्यात बरणी ठेवून सीलबंद करतात तसं करता येईल का? जॅमला करतात की.

मोजमाप
नाही. आणि हा 'चव बिघडेल' प्रकारातला नकार नाही, जिवाच्या भीतीचा आहे, म्हणून जरा विस्ताराने.

जॅममध्ये आम्ल आणि साखर असते. भोपळा कमी आम्लाचा, त्याचा सामू (pH, आकडा जितका मोठा तितकं आम्ल कमी) ४.६ च्या वर. अशा पदार्थात, हवा नसलेल्या बंद बरणीत क्लोस्ट्रिडियम बोट्युलिनम हा जंतू वाढू शकतो आणि जे विष तयार करतो त्याने बोट्युलिझम ही जीवघेणी विषबाधा होते. त्याचे बीजाणू १०० अंशांच्या उकळत्या पाण्याला दाद देत नाहीत, ११६ अंश किंवा त्याहून जास्त तापमान लागतं, तेही पुरेसा वेळ. असं अन्न वासाने किंवा दिसण्यावरून ओळखता येईलच असं नाही.

मग प्रेशर कॅनर (बरण्या दाबाखाली तापवायचं खास भांडं) वापरला तर? प्युरीसाठी तोही नाही. प्युरी घट्ट असते, उष्णता बरणीच्या मध्यापर्यंत सावकाश जाते. प्रत्येकाची प्युरी वेगळ्या घट्टपणाची, त्यामुळे 'इतकी मिनिटं' असं खात्रीने सांगता येत नाही. म्हणूनच अमेरिकेचा कृषी विभाग कुस्करलेला भोपळा किंवा प्युरी घरी बरणीबंद करू नका असंच सांगतो. सुमारे अडीच सेंटिमीटरच्या फोडी पाण्यासकट प्रेशर कॅनरमध्ये करायची तपासलेली पद्धत आहे, पण त्यासाठी खास कॅनर लागतो, रोजचा कुकर त्याची जागा घेऊ शकत नाही. कारखान्यातला डबा नियंत्रित दाबाखाली प्रक्रिया केलेला असतो, त्याच्याशी बरोबरी करू नका.

लिंबू पिळून चालेल का, वर तेलाचा थर दिला तर? हे प्रश्न पुढे येणारच. लिंबाचं प्रमाण अंदाजाने ठरवणं धोक्याचं, आणि तेलाच्या थराने हवा अडते, म्हणजे त्या जंतूला हवं तेच आपण करतो.

फ्रीजरमध्ये ठेवा. सोपं आहे.

परसबाग
फ्रीजरचं मी सांगतो. प्युरी करून झाल्यावर ओट्यावर तासन्‌तास ठेवू नका, दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये गेली पाहिजे. पातेलं गार पाण्याच्या परातीत ठेवून ढवळलं की लवकर निवते. फ्रीजमध्ये बंद डब्यात तीन-चार दिवस, त्यापेक्षा जास्त नाही.

फ्रीजरसाठी पाककृतीला लागते तेवढीच एकेका पिशवीत भरा. मी ४२५ ग्रॅमच्या काही आणि एक कपाच्या काही भरतो. पिशवी ताटावर आडवी, चपटी करून गोठवायची. मग पुस्तकांसारख्या उभ्या लावता येतात आणि वितळतातही लवकर. डब्यात भरणार असाल तर वर सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर जागा सोडा, गोठताना प्युरी फुगते. तारीख आणि वजन लिहा. उणे १८ अंशांना आठ-दहा महिने चांगली राहते, पुढे चव उतरते. माझं मत विचाराल तर सहा महिन्यांत संपवावी.

बाळलीला
धागा थोडा वळवते, माफ करा. बाळाला वरचं अन्न सुरू करायचंय, सहा महिने पूर्ण झालेत. त्याला ही प्युरी कशी द्यावी? निथळायची का?

मंद_आच
बाळासाठी निथळू नका, आटवूही नका. वाफवा, अगदी गुळगुळीत करा आणि लागेल तसं आईचं दूध किंवा उकळून गार केलेलं पाणी घालून सैल करा. वर्षाच्या आत मीठ, साखर नको आणि मध तर मुळीच नको. बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवून ठेवलं तर एका वेळी एक-दोन खडे काढता येतात. एकदा गरम करून बाळाच्या वाटीत घेतलेलं उरलं तर टाकून द्यायचं, परत फ्रीजमध्ये नाही.

मोजमाप
एक भर. भोपळा आणि गाजर भरपूर दिलं तर बाळाचे तळवे, नाकाचा शेंडा पिवळसर दिसू शकतो. तो बीटा कॅरोटीनचा, म्हणजे या भाज्यांतल्या केशरी रंगद्रव्याचा रंग, निरुपद्रवी, प्रमाण कमी केलं की उतरतो. डोळ्यांचा पांढरा भाग पिवळा दिसला तर मात्र ते भोपळ्याचं नव्हे, लगेच डॉक्टरांकडे न्या. आणि भोपळ्यात लोह फारसं नसतं, नुसत्या प्युरीवर भागवू नका, बाकीचं काय द्यायचं ते डॉक्टरांना विचारा.

बाळलीला
खूप आभार दोघांचे.

चवीपुरतं
करून बघितली! बटरनट आणला, भाजला, ताटलीची परीक्षा घेतली. कडं आलं म्हणून कढईत आटवली, मग पास झाली. पण रंग डब्यातल्यासारखा तपकिरी-नारिंगी नाही, छान उजळ पिवळा-केशरी आलाय. काही राहिलं का?

मोजमाप
काही राहिलं नाही. डब्यातली प्युरी बंद डब्यात पुन्हा जोरदार तापवलेली असते, त्यामुळे ती गडद होते. शिवाय जात वेगळी. चवही घरच्या प्युरीची थोडी हलकी, ताजी लागेल. पायमध्ये मसाला नेहमीपेक्षा जरा हात राखून घाला, नाहीतर भोपळा हरवून जातो. चिमूटभर मीठ विसरू नका.

तिसरी_शिट्टी
अभिनंदन! पुढच्या वेळी त्याच भोपळ्याचा अर्धा भाग कुकरमध्ये, अर्धा ओव्हनमध्ये, आणि कोणती कोणती ते न सांगता घरच्यांना चाखायला द्या. मग बोलू.

मंद_आच
चालेल. पण कुकरवालीला कढई दाखवायची नाही, मंजूर?

तिसरी_शिट्टी
नामंजूर. तुमच्या ओव्हनवालीला दाखवता ती?

रेषारेषा
गाळणीने काम झालं, आभार. एक शेवटचं: फ्रीजरमधली प्युरी वितळल्यावर पुन्हा पाणी सुटलंय, आधी नीट निथळली होती तरी. खराब झाली का?

परसबाग
नाही. गोठताना पाण्याचे स्फटिक होतात आणि ते गराच्या पेशी फोडतात. वितळलं की पेशींनी धरून ठेवलेलं पाणी बाहेर येतं. फ्रीजमध्येच रात्रभर वितळू द्या, मग गाळणीत अर्धा तास ठेवा. केकमध्ये घालायच्या आधी पुन्हा वजन करा, कारण पिशवीवर लिहिलेले ४२५ आता ४२५ राहिलेले नसतात. सूप करणार असाल तर तशीच गोठलेली भांड्यात टाका, वितळायचीही गरज नाही.